जानेवारी हे नाव कुठून आलं आणि सोलापुरात या महिन्याचं एवढं महत्त्व का?

नाव जानूस या रोमन देवावरून. हा दारांचा देव, एक तोंड पुढे, एक मागे. ज्युलियस सीझरची दिनदर्शिका इ.स.पू. ४५ च्या १ जानेवारीला लागू झाली. महिन्याचं रत्न गार्नेट, फूल कार्नेशन. पण ही पाश्चात्त्य प्रथा, आपल्याकडे कोण पाळतंय!

सोलापूरकरांचा जानेवारी म्हणजे गड्डा, म्हणजेच ग्रामदैवताची जत्रा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वजांची (उंच, सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक, अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह) आणि होम मैदानावर जत्रेतले पाळणे.

पण मला विचाराल तर १२ जानेवारी जास्त मोठी. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर इंग्रजांविरुद्ध पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली.