'पार्टी' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ काय? मेजवानी आणि राजकीय पक्ष, दोन्हीला एकच शब्द कसा?

मेजवानी हा या शब्दाचा बराच उशिरा आलेला अर्थ आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या नात्यात एक विद्वान आहेत, त्यांना ते अजून पटलेलं नाही.

माझा टॉवेलचा धंदा आहे, सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. आमच्या लाइनीत पार्टी म्हणजे माल घेणारा. 'नागपूरची पार्टी आलीय, चहा सांग.' 'पार्टी जुनी आहे, भाव ओढू नको.' 'ती पार्टी उधारीला चिवट आहे.' दिवसभर हेच चालतं. चाटी गल्लीतल्या कुठल्याही कापडवाल्याला विचारा, तोही असंच बोलेल.

तर जानेवारीत मंगळवेढ्याकडच्या आमच्या रानात सगळे हुरड्याला जमलो होतो. आगटी चांगली फुललेली, गूळभेंडीची कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं, सगळं मांडलेलं. बायकोचा धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. कॉलेजात इंग्रजी शिकवतो. मधेच कारखान्यातून फोन आला, मी म्हणालो, 'पार्टीला सांग, सोमवारी माल निघतो.' फोन ठेवायच्या आत साहेब सुरू. 'दाजी, पार्टीला माल पाठवत नसतात. पार्टी म्हणजे आत्ता आपण करतोय ती. हे तुमचं दुकानदारी इंग्रजी!' पंगत खो खो हसली. बायको सगळ्यात जास्त. माझ्या तोंडात गरम हुरडा, बोलणार काय? वर त्याने माझ्या पोरांना समजावून सांगितलं, की बाजारातली माणसं शब्द ऐकतात आणि हवा तिथे चिकटवतात. पोरं अजून मला 'पार्टी आली का पप्पा?' म्हणून चिडवतात.

उत्तर सापडलं कोर्टात. एका देणेकऱ्याचा चेक परत आला होता, चेक बाउन्सचं कलम १३८ (१८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) लावून आम्ही गेलो. तारखेला वकील विचारतात, 'दोन्ही पार्ट्या हजर आहेत ना?' म्हटलं, इथे तर कुणी जेवायला घातलेलं नाही! घरी येऊन डिक्शनरी उघडली.

मूळ लॅटिन 'पार्स', म्हणजे भाग. त्यावरून वाटणी करणं अशा अर्थाचं क्रियापद, त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये 'पार्ती', म्हणजे वाटा किंवा बाजू. तिथून तो इंग्रजीत आला तेराव्या शतकाच्या अखेरीला. पार्टिशन, पार्टनर, डिपार्टमेंट, पार्सल ही सगळी त्याच घरची. म्हणजे ज्याला आपण एकत्र जमणं समजतो तो शब्द मुळात वेगळं होण्याचा. भाऊबंदकीचा पार्टिशन सूट, म्हणजे वाटणीचा दावा, लढलेल्या माणसाला यात फार नवल वाटणार नाही.

वाटा म्हटला की बाजू आली. भांडणाची एक बाजू म्हणजे पार्टी, दाव्यातली बाजू म्हणजेही पार्टी. हा कायद्याचा अर्थ साधारण १३०० सालापासूनचा. करारात सही करणारा प्रत्येक जण पार्टी, सौद्यातली समोरची बाजू म्हणून आमचं गिऱ्हाईकही पार्टी, आणि गाडीच्या विम्यातली थर्ड पार्टी म्हणजे कंपनी आणि तुम्ही सोडून तिसरा, ज्याला तुमची गाडी धडकते तो. राजकीय पक्षही याच बाजूतून निघाला. आपल्या 'पक्ष'चंही तेच आहे: आधी पंख, मग बाजू, मग वरपक्ष, पक्षकार आणि राजकीय पक्ष. (जेवणावळीपर्यंत मात्र तो गेला नाही. पितृपक्षातली जेवणं वेगळ्या खात्यात.)

मेजवानी कशी आली? एखाद्या कामासाठी वेगळी काढलेली माणसांची तुकडी, तिलाही पार्टी म्हणत. शोधायला गेलेली, शिकारीला गेलेली. पुढे जेवायला, पत्ते खेळायला जमलेल्यांनाही म्हणू लागले, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांचं नाव त्या जमण्यालाच पडलं. म्हणजे माझ्या अर्थापेक्षा मेहुण्याचा अर्थ चारशे वर्षांनी लहान. जाता जाता, अमेरिकेतल्या बोस्टन टी पार्टीत कुणी चहा प्यायलं नव्हतं. १६ डिसेंबर १७७३ ला तिथल्या लोकांनी निषेध म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात टाकल्या, आणि 'टी पार्टी' हे नाव नंतर एकोणिसाव्या शतकात पडलं.

हुरडा पार्टी हा शब्दही तसा अलीकडचाच. आमचे आजोबा नुसतं 'हुरड्याला या' म्हणायचे. आता हायवेला पाट्या लागतात, तिथे डीजे असतो, पनीर असतं, आणि हुरडा प्लेटमध्ये गार होऊन येतो. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी हुरडा म्हणणार नाही.

एक मात्र सांगायला हवं. आजच्या इंग्रजीत कायद्याबाहेर एखाद्या माणसाला पार्टी म्हटलं तर ते जुनाट किंवा चेष्टेचं वाटतं. एक्स्पोर्टच्या ईमेलमध्ये मी 'बायर'च लिहितो, तुम्हीही तेच लिहा. पण मराठीत, दुकानात, बिनधास्त पार्टी म्हणा. कुणी हसलंच तर भांडत बसू नका, एखादा इंग्रजी करारनामा पुढे ठेवा आणि पहिल्या पानावर पार्टी किती वेळा आलंय ते त्यालाच मोजायला सांगा. आमच्या प्राध्यापकांना मी भाडेकराराचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.