गिऱ्हाईक फोनवर विचारतं, त्याचंच अ‍ॅप करा

प्रश्न (देवगड): आमची हापूसची बाग आहे, पेट्या थेट घरपोच पाठवतो. ब्रँडसाठी मोबाइल अ‍ॅप काढावं का?

उत्तर: नको. दोन-अडीच महिन्यांच्या हंगामासाठी कुणी फोनमधली जागा अडवणार नाही. वेबसाइटवरच एका पानाचं छोटं अ‍ॅप ठेवा, ब्राउझरमध्ये उघडेल असं. त्यात काय हवं, ते तुमचं गिऱ्हाईक रोज फोनवर सांगतंच: 'आंबा कधी तयार होईल?' तोडणीची तारीख आणि शहर टाकलं की पेटी कधी उघडायची, फळं कधी खायची, एवढंच त्या अ‍ॅपनं सांगावं. आकडे तुमच्या अढीच्या अनुभवातून भरा. मुंबईचा उकाडा वेगळा, बेंगळुरूची हवा वेगळी. उत्तराखाली बागेचं नाव आणि 'व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा' हे बटण. आमरसाचा बेत ठरवणारं घर ते उत्तर आपणहून ग्रुपवर टाकतं. अशी जाहिरात विकत मिळत नाही.

प्रश्न (पुणे): अशा अ‍ॅपमध्ये उत्तर दाखवण्याआधी फोन नंबर घेतला तर?

उत्तर: निम्मे लोक तिथूनच परततील, उरलेल्यांतले काही खोटा नंबर देतील. झेरोधा या शेअर दलाल कंपनीचा ब्रोकरेज (दलाली) कॅल्क्युलेटर पाहा, लॉगिन न करता चालतो. नंबर हवाच असेल तर उत्तर दिल्यावर, कशासाठी ते सांगून मागा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यालाही हेतू सांगून घेतलेली संमतीच अपेक्षित आहे. (आंब्यासाठी जन्मतारीख मागणारे महाभागही आहेत!)

प्रश्न (नाशिक): इतरांच्या साइटवर बसवायला विजेट (असं छोटं तयार अ‍ॅप) दिलं आणि त्यात आमच्या लिंका लपवल्या, तर गूगलमध्ये वर येऊ का?

उत्तर: अशा लिंका गूगल स्पॅम धरतं. नाव उघड ठेवा, लिंकला नोफॉलो लावा, म्हणजे 'ही लिंक क्रमवारीत धरू नका' अशी गूगलसाठीची खूण.

प्रश्न (कोल्हापूर): रंगाचं दुकान आहे. फेसबुकवर बक्षिसांचा खेळ ठेवावा म्हणतो.

उत्तर: 2009 मध्ये अमेरिकेत बर्गर किंगनं फेसबुकवर 'व्हॉपर सॅक्रिफाइस' आणलं: दहा मित्र यादीतून काढा, बर्गर फुकट घ्या. काढलेल्या मित्राला तसा निरोप जायचा. गवगवा प्रचंड झाला, पण फेसबुकनं त्या निरोपांना हरकत घेतली आणि खेळ थोड्याच दिवसांत आटोपला. दुसऱ्याच्या अंगणात हे असंच. शिवाय बक्षिसासाठी येणाऱ्याला भिंत रंगवायची असतेच असं नाही. तुमच्या साइटवर भिंतीची लांबी-उंची विचारा, दारं-खिडक्या वजा करा, रंगाचे दोन हात धरा, डब्यावर छापलेल्या कव्हरेजनं (एका लिटरात किती भिंत रंगते त्या आकड्यानं) भागा आणि लिटर सांगा. कारागिरांना आधी वापरायला द्या. हिशेब चुकत असेल तर ते तोंडावर सांगतील.