'झोपतं' म्हणजे अंथरुणावर गेलं की डोळा लागला?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या अंगणवाड्यांमधून एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या आयांकडून झोपेची प्रश्नावली भरून घेतली. 40 फॉर्म झाले आणि जवळपास सगळ्यांवर एकच उत्तर आलं, रात्री नऊ-दहा तास झोप, मध्ये उठत नाही, त्रास काही नाही. मार्गदर्शक बाईंना आकडे पटत नाहीत, म्हणून तुम्ही विचारताय की आया खोटं सांगतात का.

खोटं सांगत नाहीत. खानापूर, बेळगाव ग्रामीण आणि निपाणी या पट्ट्यात मी बरीच वर्षं घरोघरी बसून असले फॉर्म भरलेत. मुद्दाम खोटं सांगणारी आई मला क्वचितच भेटली. गोंधळ बहुतेक वेळा आपल्या प्रश्नात असतो, आणि तुमच्या फॉर्ममध्ये तो पहिल्याच ओळीत आहे.

तुम्ही विचारलंय, 'मूल रात्री किती वाजता झोपतं?' आता आपण घरात कसं बोलतो ते आठवा. 'नऊला झोपलो, पण झोप लागली अकराला.' म्हणजे अंग टाकलं तरी झोपणंच आणि डोळा लागला तरी झोपणंच. कन्नडमधलं 'मलगु' हे क्रियापदही असंच दोन्हीकडे चालतं, त्यामुळे कन्नड फॉर्म काढूनही सुटका नाही. एक आई वाकळ अंथरल्याची वेळ सांगते, दुसरी पोराचा डोळा लागल्याची, आणि तुम्ही दोन्ही एकाच रकान्यात लिहिता.

यानं किती फरक पडतो ते पाहा. दोन वर्षांची मुलगी. आई म्हणते, 'नऊला झोपते, साडेसहाला उठते, दुपारी दोन तास.' तुमच्या हिशेबानं साडेअकरा तास झाले. या वयाला दुपारची झोप धरून 11 ते 14 तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत आहे, म्हणजे मुलगी त्यात बसली. आता त्याच आईला विचारा, 'डोळा कधी लागतो?' 'पावणेदहा होतात.' 'मध्ये जागी असते?' 'असते की अर्धा तास, पाणी मागते, खेळते.' रात्रीचे राहिले सव्वाआठ, दुपार धरून सव्वादहा. तीच मुलगी, तीच आई, आणि आता ती अकराच्या आत आली.

बाळांच्या झोपेसाठी जगभर सर्रास वापरली जाते ती झोपेचे संशोधक अवी सादेह यांची 2004 साली प्रसिद्ध झालेली छोटी प्रश्नावली. तिच्यात डोळा लागण्याची वेळ एक प्रश्न आहे आणि झोपवायला किती वेळ लागतो हा वेगळा. मराठी करताना हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून सरळ असं विचारा: 'अंथरुणावर किती वाजता घेता?' आणि मग 'डोळा किती वाजता लागतो?' दोन्ही वेळा लिहा, वजाबाकी घरी येऊन करा. 'एकूण किती तास झोपतं' हे आईला विचारूच नका. एवढी बेरीज-वजाबाकी कुणी तोंडी करत नाही, दहा हा गोल आकडा सांगून मोकळी होते.

आता 'मध्ये उठत नाही'. नंदगडच्या बाजूला एका घरी हेच उत्तर मी लिहून घेत होते. उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली आजी हात न थांबवता म्हणाली, 'उठत नाही कसं? रोज दोनदा मला कोण उठवतंय मग?' पोरगं आजीजवळ झोपायचं. आई पहाटे भाताच्या रोपाला जायची, रात्री मेल्यासारखी झोपायची. तिच्या रात्रीत पोरगं खरंच उठत नव्हतं.

पालकांच्या प्रश्नावल्यांचा हा ओळखीचा गुण आहे. हालचाल मोजणारं, मनगटी घड्याळासारखं यंत्र मुलाच्या घोट्याला बांधून ज्यांनी ताडून पाहिलं, त्यांना साधारण असं दिसलं: डोळा लागण्याची वेळ पालक बऱ्यापैकी बरोबर सांगतात, जाग किती वेळा आली हे कमी सांगतात आणि झोप जास्त सांगतात. मूल जागं झालं, रडलं नाही, छताकडे बघत पडलं आणि पुन्हा झोपलं, तर आईला कळणार कसं? त्यात आपल्याकडे मूल कुशीत असतं. ते चुळबुळतं, आई अर्धवट झोपेत अंगावर घेते, ते पितं आणि झोपतं. याला कुठलीच आई 'उठणं' म्हणत नाही. म्हणून 'उठतं का' याऐवजी 'रात्री किती वेळा अंगावर घेता, पाणी देता, शू करवायला नेता, थोपटता' असं विचारा. आणि त्याआधी 'रात्री कुणाजवळ असतं' ते विचारा. ज्या माणसाजवळ मूल असतं त्या माणसाशी बोला.

झोपायच्या जागेचे पर्यायही तुम्ही सादेह यांच्या प्रश्नावलीतून जसेच्या तसे उतरवलेत. 'वेगळ्या खोलीत पाळण्यात' या रकान्यावर 40 पैकी एकही खूण नाही, यात नवल काय? झोळी, आजीची वाकळ, आईबापांमध्ये, हे पर्याय घाला. फक्त मूळ पर्यायांशी त्यांचा मेळ कसा लावलात ते लिहून ठेवा, नाहीतर तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवता येणार नाहीत. सादेह आणि जोडी मिंडेल यांच्या 2010 मधल्या 17 देशांच्या अभ्यासात भारतही होता. एका अंथरुणात झोपण्याचं प्रमाण तिथं न्यूझीलंडमध्ये सहा टक्क्यांच्या आत होतं आणि व्हिएतनाममध्ये 80 टक्क्यांच्या वर. तेव्हा आपली मुलं कुशीत झोपतात यात बिघडलेलं काही नाही, तशी टीपही अहवालात नको.

कुणीतरी तुम्हाला घोट्याचं यंत्र वापरायला सुचवलंय. मिळालं तर जरूर वापरा, पण झोळी विसरू नका. यंत्र हालचाल मोजतं. मूल गाढ झोपलेलं असतं आणि आजी झोका देत असते, तर यंत्र त्याला जाग समजू शकतं. झोका किती वाजता बंद झाला हे माणसालाच लिहावं लागतं.

घड्याळाबद्दल एक. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला 'किती वाजता' विचारलं की ती अंदाजानं नऊ म्हणते. 'विड्या मोजून ठेवल्यावर की आधी? मालिका संपल्यावर की आधी? शेवटची बस गेली होती का?' असं विचारलं की वेळ आपोआप पक्की होते. 'गेल्या आठवड्यात' पेक्षा 'मागच्या बाजारापासून आजपर्यंत' हे लवकर कळतं. त्या आठवड्यात जत्रा, लग्न, ताप काही होतं का तेही विचारा.

आणि तिन्हीसांजेची झोप. दिवेलागणीला झोपू नये हा आपल्याकडचा रिवाज. सहाला पेंगलेलं पोर तासभर झोपतं, पण सासू ऐकत असताना सून ते सांगत नाही. सादेह यांच्या मूळ प्रश्नावलीत दिवस सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत आणि पुढं रात्र. साडेसहा ते साडेसात झोपलेलं मूल दोन्हीकडे विभागलं जातं, किंवा कुठंच लिहिलं जात नाही. ही झोप नाव घेऊन वेगळी विचारा, आणि शक्यतो ओसरीवर नको, आत चुलीपाशी बसून विचारा.

भाषेचं थोडक्यात. आपल्याकडे बोलणं मराठी, शाळा कन्नड, अशी सून घरोघरी आहे आणि उलटंही आहे. फॉर्म हातात देऊन येऊ नका, वाचून विचारा, आणि कुठल्या भाषेत विचारलं ते वर लिहा. कन्नड प्रत मराठीवरून करू नका. दोन्ही मुळावरून करा, मग तिसऱ्याकडून उलट, म्हणजे पुन्हा मूळ भाषेत, भाषांतर करून घ्या. त्यानंतर पाच-सहा आयांना फक्त एवढंच विचारा, 'हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा बघू.' तुमचा पहिला प्रश्न तिथंच अडकला असता.

भरलेले 40 फॉर्म टाकून देऊ नका. त्यातली दहा घरं निवडा, नव्या प्रश्नांनी पुन्हा विचारा आणि प्रत्येक घरी सात दिवसांचा एक कागद द्या: रोज 24 चौकोन, झोपलेल्या तासाला काजळपेन्सिलीनं काळं करायचं. लिहिता न येणारी आजीसुद्धा हे करते, फार मनापासून करते. जुना आकडा, नवा आकडा आणि कागदावरचा आकडा एका तक्त्यात शेजारी मांडून बाईंकडे न्या. तक्ता झाला की इथं टाका, मी बघते.