'अशील' म्हणजे शील नसलेला का?

खानापूरच्या एक ताई बेळगावात कायदा शिकतात. त्यांनी विचारलंय : "वकील ज्याचा खटला चालवतो त्याला 'अशील' म्हणतात. अ-शील, म्हणजे शील नसलेला, असाच अर्थ ना? आमचे आजोबा म्हणतात, सरळ माणसाला वकील लागतच नाही, म्हणून हा शब्द पडला."

आजोबांचा मान राखून सांगतो, हा शब्द संस्कृत नाहीच. मूळ अरबी 'असील'. 'अस्ल' म्हणजे मूळ, त्यावरून आलेला. आपला 'अस्सल' त्याच घरचा. बाहेरून आलेल्या शब्दांत इ-ईच्या आधीच्या 'स'चा मराठीत बरेचदा 'श' होतो : नसीब-नशीब, सिपाही-शिपाई, वसीला-वशिला, हासिल-हशील. तसाच हा अशील.

'वकील'ही अरबीच; ज्याच्यावर काम सोपवलं तो. जुन्या इस्लामी कायद्यात असील आणि वकील ही जोडीच आहे. असील मूळ धनी, वकील त्याच्या जागी उभा राहणारा. पेशवाईत वकील परक्या दरबारात असत, जसे निजामाकडे गोविंदराव काळे. 'वकिलात' या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे.

म्हणजे 'अशील'मध्ये अपमान नाही, मान आहे. जमीन त्याची, अब्रू त्याची, शिक्षा झाली तर भोगणारा तोच. आमच्या बांधाच्या दाव्यात समोरच्याने तडजोड सुचवली होती. आमच्या वकिलांनी ती वडिलांना न विचारताच परस्पर नाकारली. दाव्याच्या निकालापेक्षा वडिलांना तेच जास्त लागलं. "मला नुसतं विचारायचं तरी होतं," असं ते शेवटपर्यंत म्हणत. मूळ धनी कोण, याचाच तिथे विसर पडला होता.

पण धन्याची प्रत्येक गोष्ट ऐकायची असंही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात की अशिलाचं हित निर्भयपणे जपा, मात्र नुसतं त्याचं तोंड होऊन बोलू नका. गैरमार्गाला तो निघाला तर त्याला आवरा. हे आवरणं जिथे सुटलं, तिथे लोकांनी वेगळाच शब्द वाकडा केला. "त्याची कशाला वकिली करतोस?" असं आपण चिडून म्हणतो. आजोबांचा राग खरा आहे, पण तो 'वकिली'त साठलाय, 'अशील'मध्ये नाही.

'पक्षकार' याच अर्थाने चालतो, तरी दोन्हींत फरक करावा असं माझं मत आहे. पक्षकार म्हणजे दाव्यातली बाजू; वकील न देता स्वतः उभा राहिलेला माणूसही पक्षकारच. आपल्याकडे कन्नडमधून कानावर येणारा 'कक्षिदार' त्याच्याच जवळचा. अशील मात्र कुणाचा तरी असतो, म्हणून 'माझे अशील'.

लिहिताना एवढं सांभाळा : अशील, पण अशिलाला, अशिलांनी, तिथे 'शि' ऱ्हस्व.