पाच सूत आणि सहा सूत

“गणित नको म्हणून याला आयटीआयला घातलं, तर तिथेही गणितच निघालं हो ताई!”

गणिताची भीती बसलेल्या मुलांशी बोलणं हे माझं काम, आणि बडोद्यातल्या मराठी घरांमधून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. मुलगा फिटर असो, वेल्डर असो की टर्नर, ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’, म्हणजे कामाला लागणारं गणित, समोर आलं की शाळेतली भीती पुन्हा वर येते. आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, “याला कधी जमणारच नाही का?” म्हणून एका मुलाबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आकडे मात्र खरे आहेत.

मुलगा वीस वर्षांचा, दांडिया बाजारात राहणारा. वडील सुतार. फिटरचा कोर्स करून तो मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात अप्रेंटिस लागला होता. आई त्याला माझ्याकडे घेऊन आली तेव्हा तो चार दिवस कामावर गेला नव्हता.

झालं होतं असं. टाकीच्या गोल शेलसाठी, म्हणजे तिच्या गोल भिंतीसाठी, प्लेट कापायची होती. आतला व्यास १००० मिमी, प्लेटची जाडी १० मिमी. यानं १००० ला ३.१४१६ नं गुणलं, ३१४२ वर खडूची रेघ मारली आणि प्लेट कापून रोलिंगला, म्हणजे गोल वाकवायला, दिली. तोंडं जुळवली तर आतला व्यास ९९० भरला. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, “तुला दहावी पास कोणी केलं?”

पहिल्या दोन भेटींत तो एवढंच म्हणत राहिला, “माझ्या डोक्यात गणित नाहीच, मॅडम.” मीही घाई केली नाही. तिसऱ्या भेटीत शाळेचा विषय निघाला. पाचवीत त्याला फळ्यापाशी उभं केलं होतं. अपूर्णांकांची बेरीज होती, आणि वर्ग हसला होता.

मी कागदावर लिहिलं, ५/८ + ६/८. त्यानं पेन घेतलं, घाम पुसला आणि लिहिलं, ११/१६. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. मी काही बोलले नाही. कागद बाजूला सरकवला.

“बाबांनी सांगितलं, पाच सुतांची पट्टी आणि सहा सुतांची पट्टी एकमेकींवर चिकटव. जाडी किती होईल?”

“एक इंच तीन सूत.” पापणी लवायच्या आत.

सुतारकामात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. अकरा सूत म्हणजे एक इंच आणि वर तीन. माझ्या कागदावर होती ती हीच बेरीज. मी कागद पुन्हा पुढे केला. “आणि हे अकरा सोळांश इंच म्हणजे किती सूत?”

तो बराच वेळ पाहत राहिला. बोटानं टेबलावर काहीतरी मोजलं. “साडेपाच.” मग एकदम ताठ बसला. “सहा सुतांच्या पट्टीला पाच सुतांची लावली आणि साडेपाच कशी भरली? मॅडम, हे चुकलंय!”

हा क्षण माझ्या मनात अजून ताजा आहे. ‘चुकलंय’ हा शब्द त्यानं आजवर दुसऱ्यांकडूनच ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो स्वतः म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लाज नव्हती. मी चूक दाखवली असती तर दोन मिनिटं वाचली असती आणि हा क्षण गेला असता. गप्प बसल्याचं समाधान मला आजही वाटतं.

माझं मत असं बनलं आहे की अशा मुलांच्या डोक्यात दोन गणितं असतात, एक हाताचं आणि एक वहीचं. दोघांची ओळख कोणी करून दिलेली नसते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विकता विकता केलेले त्यांचे हिशेब सुमारे ९८ टक्के बरोबर होते. तेच हिशेब नुसते आकडे म्हणून कागदावर दिले, तेव्हा जेमतेम ३७ टक्के बरोबर आले. मुलं तीच होती!

आपल्या बडोद्याला हे नवं वाटू नये. सयाजीरावांच्या काळात १८९० साली कलाभवन निघालं, तेव्हा ते उभारणाऱ्या प्राध्यापक गज्जरांचा आग्रह होता की कारागिरी शिकवायची ती लोकांच्या भाषेत. ‘सूत’ हीसुद्धा एक भाषाच आहे.

पुढच्या भेटीत मी त्याला म्हटलं, “ती प्लेट का कमी पडली, मला शिकव.” तो घरून जुन्या स्लिपरचा जाड तळ घेऊन आला. जाडीच्या कडेवर त्यानं पेनानं उभ्या रेघा मारल्या आणि तळ वाकवला. बाहेरच्या बाजूला रेघा फाकल्या, आतल्या बाजूला जवळ आल्या, मध्यावर अंतर तेवढंच राहिलं. “लांबी मधल्या थराची बदलत नाही. म्हणजे व्यास आतला नाही, मधला धरायचा. दोन्हीकडची अर्धी अर्धी जाडी मिळवून १०१०.” गुणाकार आला ३१७३. ३१ मिमीचा फरक कुठून आला, हे मला सूत्रातून नाही, त्या स्लिपरमधून कळलं.

आईवडिलांना मी हेच सांगते. पाढे म्हणायला लावू नका, मुलगा हातानं काय मोजतो ते आधी बघा. आकडेमोडीआधी त्याला मोठ्यानं अंदाज सांगू द्या. हजाराच्या व्यासाला प्लेट तीन मीटरच्या वर आणि सव्वातीनच्या आत, एवढं जो म्हणू शकतो त्याच्या हातून दशांशचिन्ह सहसा घसरत नाही. चौकट काटकोनात आहे का, हे तीन, चार आणि पाच मापांच्या बाजूंचा त्रिकोण करून आधी दोरीवर दाखवा, पायथागोरस मग येऊ द्या. सूत आणि मिलिमीटर एकमेकांत मिसळू देऊ नका. वर्कशॉपमध्ये सूत ‘तीन मिमी’ म्हणून चालवतात, पण तसे आठ सूत २४ होतात आणि इंच असतो २५.४. आणि कृपा करून, चुकलं तर चारचौघांत विचारू नका. मनात भीती असेल तर आकडे धरून ठेवायला जागा उरत नाही, हे मी रोज पाहते. मात्र आकडे लहानपणापासून सतत उलटसुलट होत असतील, घड्याळ-पैसेही जमत नसतील, तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. त्याला आळस समजू नका.

तो सोमवारी कामावर गेला. महिन्याभरानं आईचा फोन आला. आता संध्याकाळी वडीलच त्याला विचारतात म्हणे, “काय रे, साडेपाच सूत म्हणजे किती मिलिमीटर?” आणि तो जेवता जेवता सांगतो, “सतरा पॉइंट शेहेचाळीस, बाबा. साडेसतरा धरा.”