यंत्र आलं, आता पंच कशाला?

प्रश्न : माझं पदवीचं दुसरं वर्ष चालू आहे. लहानपणापासून टेनिस खेळतो, पण कुठल्याही स्पर्धेत दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलेलो नाही. मला व्यावसायिक स्पर्धांमध्ये, विशेषतः क्ले कोर्टवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, पंच व्हायचं आहे. बाबा म्हणतात, 'चेंडू आत की बाहेर हे आता यंत्र सांगतं, तू खुर्चीत बसून काय करणार?' शिक्षण सोडून पूर्ण वेळ यात उतरू का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नको. कारण पुढे येईलच.

बाबांचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं नीट समजून घे. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना एटीपी, तिने 2023 मध्येच जाहीर केलं होतं की 2025 पासून आपल्या टूरवरच्या सगळ्या स्पर्धांत रेषेचे निर्णय यंत्र देईल. त्यात क्ले कोर्टही आलं. 2025 मध्येच विम्बल्डननेही रेषा पंचांना निरोप दिला. रोलँ गॅरोसने, म्हणजे मातीवर होणाऱ्या फ्रेंच ओपनने, मात्र 2025 मध्येही माणसंच उभी केली. तेव्हा 'मी रेषा पंच म्हणून पोट भरीन' असं मनात असेल, तर ते आजच काढून टाक. तो रस्ता बंद होत चालला आहे.

पण तू विचारलं आहेस खुर्चीबद्दल, म्हणजे उंच खुर्चीत बसून सामना चालवणाऱ्या पंचाबद्दल. 2025 च्या एप्रिलमध्ये माद्रिदच्या क्ले कोर्टवर झ्वेरेव्ह आणि दाविदोविच फोकिना या खेळाडूंच्या सामन्यात काय झालं ते आठव. यंत्र म्हणालं चेंडू आत, झ्वेरेव्हला चेंडूची मातीवर उमटलेली खूण बाहेर दिसत होती. पंच खाली उतरून खूण बघायला तयार नव्हते, कारण यंत्र असलेल्या कोर्टवर यंत्राचा निर्णय अखेरचा. झ्वेरेव्हने खिशातून... नाही, बाकावरून फोन आणला आणि खुणेचा फोटो काढला. त्याला ताकीद मिळाली. आता मला सांग, त्या मिनिटाला यंत्राने काय केलं? त्याचं काम कधीच संपलं होतं. चिडलेल्या खेळाडूला नियम समजावणं, प्रेक्षकांचा गलका सांभाळणं, ताकीद द्यायची की नाही हे ठरवणं, हे सगळं खुर्चीतल्या माणसाच्या वाट्याला आलं. त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये पावल्युचेन्कोव्हाच्या सामन्यात कोर्टच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद राहिली. चेंडू बाहेर पडला तरी पुकारा झाला नाही आणि पंचांना तो गुण पुन्हा खेळवावा लागला. त्या निर्णयावर खूप टीका झाली. ती टीका यंत्राला ऐकू येत नाही, माणसाला येते. बाबांना हे जरूर सांग.

आता खरी अडचण, जिच्याबद्दल तुझ्या पत्रात काहीच नाही. खुर्ची शिल्लक आहे, पण तिच्याकडे जाणाऱ्या शिडीची एक पायरी गेली आहे. पूर्वी नवखा पंच मोठ्या स्पर्धेत रेषेवर उभा राहायचा आणि जगातले उत्तम पंच कसे बोलतात, कधी गप्प बसतात, हे काही फुटांवरून बघायचा. फुकट शिकवणीच ती. आता ती सोय जवळपास संपली. तुला थेट लहान स्पर्धांमध्ये जाऊन, फारसं कुणी बघत नसताना शिकावं लागेल.

आणि तिथे एक गंमत आहे. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) सर्वांत खालच्या एम15 पातळीवर, जिथे एकूण बक्षिसाची रक्कम 15,000 डॉलर असते, क्ले कोर्टवर अजून मातीवरची खूणच साक्षीदार आहे. म्हणजे माद्रिदमध्ये जे कौशल्य निवृत्त झालं, त्याच्यावरच तुझी पहिली काही वर्षं निघणार. खूण वाचणं वाटतं तितकं सोपं नाही. आधी शेकडो खुणांमधली नेमकी ताजी खूण कोणती, हे चेंडू पडतानाच डोक्यात पक्कं हवं. खुर्चीतून उतरता उतरता शोधू लागलास तर खेळाडू तुला सोयीची खूण दाखवतील. जोरात आलेला चेंडू लांबट ठसा सोडतो, वरून पडलेला गोलसर. माती जाड असेल तिथे ठसा पसरतो, पातळ असेल तिथे जेमतेम उमटतो. खूण वाचताच आली नाही, तर मूळ निर्णय कायम. खेळाडूने पंच येण्याआधी खूण पुसली, तर त्याने दाद सोडली असं धरतात. जाळं ओलांडून पलीकडची खूण बघायला गेला, तर ताकीद. हे नियम पाठ करायला एक संध्याकाळ पुरेल. पंधराशेव्या क्रमांकाचा घामेजलेला, हरत आलेला खेळाडू अंगावर ओरडत असताना वापरायला काही वर्षं लागतात.

औपचारिक वाट अशी : आधी आपल्या देशाच्या टेनिस संघटनेचा पंचांचा अभ्यासक्रम आणि स्थानिक, कनिष्ठ गटाच्या स्पर्धांचा अनुभव. मग आंतरराष्ट्रीय पातळीवर व्हाइट बॅज (बॅज म्हणजे पंचाचा दर्जा), त्यानंतर ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड. गोल्डपर्यंत पोचलेले खुर्ची पंच जगभरात मोजकेच आहेत. परीक्षा आणि कामकाज इंग्रजीत चालतं. क्ले कोर्टचा हंगाम फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेत, एप्रिल ते जून युरोपात आणि जुलैमध्ये पुन्हा युरोपातच बॉस्टाड, ग्श्टाड, उमाग असा फिरतो, म्हणून स्पॅनिश किंवा फ्रेंच यांपैकी एक भाषा आतापासून शिकायला घे. हा सल्ला मी उगाच देत नाही. रोलँ गॅरोसवर गुण फ्रेंचमध्ये पुकारतात.

पैशाचं बोलू. बहुतेक पंच रोजच्या मानधनावर काम करतात. कायमचा करार फार थोड्यांच्या नशिबी. पाऊस पडला, दौरा हुकला, पाय मोडला, की मिळकत थांबली. म्हणूनच पदवी पूर्ण कर, आणि अशी नोकरी बघ जिच्यात वर्षातले काही आठवडे रजा मिळते. आणखी एक कारण आहे, जरा नाजूक. लहान सामन्यांत गुण पंचच हातातल्या उपकरणात भरतो आणि तो त्याच क्षणी सट्ट्याच्या बाजारापर्यंत पोचतो. गुण मुद्दाम उशिरा भरल्याबद्दल किंवा त्यात फेरफार केल्याबद्दल पंचांवर बंदी आल्याची उदाहरणं आहेत. ज्याचं घरभाडं पुढच्या मानधनावर अडकलेलं असतं, त्याला असं करायला पैसे देऊ करणाऱ्यांना नाही म्हणणं जड जातं. घरातून हात भक्कम असू दे.

तू चांगला खेळाडू नाहीस याची खंत पत्रात दिसते. ती सोड. पंचाला फोरहँड लागत नाही. त्याला लागते बैठक. 2025 चा रोलँ गॅरोसचा पुरुषांचा अंतिम सामना 5 तास 29 मिनिटं चालला. अल्कराझ आणि सिन्नर पळत होते, घाम गाळत होते, पंचांना मात्र पहिल्या गुणाइतकंच लक्ष शेवटच्या गुणाला द्यायचं होतं.

तेव्हा अर्ज भरण्याआधी एक कर. क्ले कोर्टवरचा एक अख्खा सामना, शक्यतो दोन अनोळखी खेळाडूंचा, आवाज बंद करून बघ. कागदावर गुणपत्रिका आख, प्रत्येक गुण मोठ्याने पुकार, दोन गुणांमधले 25 सेकंद घड्याळावर मोज. फोन दुसऱ्या खोलीत. किती चुका झाल्या ते मला नको. दुसऱ्या सेटच्या मध्यावर कंटाळा आला का, एवढंच लिहून कळव.