लीलला (फ्रान्स) पोकेमॉन कार्डांच्या रीजनलसाठी (प्रादेशिक स्पर्धेसाठी) वीकेंडला जायचंय. पहिलीच मोठी स्पर्धा आहे, काय तयारी करू?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीत आखेनला एम.एस. करताय, लीलच्या रीजनलला नाव लागलंय, फ्रेंच येत नाही, मांसाहार करत नाही आणि पुण्याहून धाकट्या भावालाही यायचंय. मी बेल्जियममध्ये गेंटला राहते. लील आम्हाला शेजारचंच गाव, आणि पत्त्यांचं वेड घरात दोघांनाही आहे, त्यामुळे तिथलं बऱ्यापैकी माहीत आहे.

डेक (म्हणजे खेळायचा साठ पत्त्यांचा संच) कोणता न्यावा हे मी सांगत बसत नाही. ते सांगणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत आणि दर महिन्याला त्यांची मतं फिरतात. त्याआधी शनिवारचा हिशेब समजून घ्या. मोठ्या रीजनलला गेल्या काही हंगामांत पहिल्या दिवशी नऊ फेऱ्या होत आल्यात. फेरी तीन डावांची, वेळ 50 मिनिटं, वेळ संपली की चालू पाळी पुरी करायची आणि वर आणखी तीन पाळ्या. मग निकाल नोंदवायचा, पुढच्या जोड्या लागायची वाट बघायची, टेबल शोधायचं. एका फेरीमागे सव्वा तास धरा. सकाळी नऊला सुरू झालं तर रात्रीचे आठ वाजून जातात, आणि मध्ये जेवायला रीतसर सुट्टी मिळेलच असं नाही. पहिल्यांदा येणारी बरीच मंडळी सहाव्या-सातव्या फेरीला जी ढेपाळतात ती या कारणाने. सकाळपासून पोटात एक कॉफी आणि एक क्रोआसाँ, दुसरं काही नाही.

घड्याळाचं गणितही तितकंच महत्त्वाचं. विजयाला 3 गुण, बरोबरीला (वेळेत निकाल लागला नाही तर) 1, पराभवाला शून्य. रविवारी खेळायला 19 गुण लागतात, म्हणजे नऊपैकी सहा विजय आणि एक बरोबरी. (हे आकडे हंगामागणिक बदलतात, तुमच्या स्पर्धेच्या सूचनेत नक्की बघा.) दोन बरोबऱ्यांचे मिळून 2 गुण, पण एक जिंकून एक हरलात तरी 3. म्हणून पहिला डाव हातातून गेलाय हे दिसलं की तिथेच सोडा आणि पुढच्या दोन डावांसाठी वेळ वाचवा. आपल्याकडे शेवटच्या पत्त्यापर्यंत झुंजायची सवय असते, ती इथे महागात पडते. समोरचा उगाच वेळ काढतोय असं वाटलं तर हात वर करून जजला बोलवा. त्यात भांडण नाही, कोणी मनावरही घेत नाही.

आता स्लीव्हज, म्हणजे पत्त्यांवर चढवायची प्लास्टिकची पाकिटं. लील म्हणजे रिपरिप पाऊस आणि दमट हवा. चमकी कार्डं अशा हवेत हळूहळू वाकतात. डेक टेबलावर नीट रचून ठेवा आणि डोळे त्याच्या पातळीवर आणून कडेने बघा. जिथे वाकडं चमकी कार्ड आहे तिथे बारीकशी फट दिसते, आणि डेक कापताना हात नेमका तिथेच थांबतो. जज डेक तपासायला नेतात तेव्हा हेच बघतात. पत्ते उलटे पसरून पाठी न्याहाळतात, कडा उजेडात धरतात, एकाच प्रकारच्या चार पत्त्यांचे कोपरे इतरांपेक्षा जास्त झिजलेत का ते पाहतात. तुमच्या मनात काही नसलं तरी खुणा केलेले पत्ते म्हणून दंड बसू शकतो. तेव्हा शक्यतो साधी, न चमकणारी प्रत खेळा, शुक्रवारी रात्री साठच्या साठ पत्त्यांना नव्या स्लीव्हज चढवा आणि एक न उघडलेलं पाकीट खिशात असू द्या. जपानी कार्डं इथे चालत नाहीत. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातलं रेग्युलेशनचं अक्षर (कार्ड स्पर्धेत चालतं की नाही ते यावरून ठरतं) सध्या वैध आहे ना, हेही एकदा बघून घ्या.

याच कारणासाठी डब्यात चिवडा आणि भाकरवडी नेऊ नका. तेलकट बोटं स्लीव्हवर उमटतात. दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, केळी, सुका मेवा असलं काहीतरी न्या, आणि ओले टिश्यू. हॉलमध्ये विकायला असतं ते खाणं महाग, रांग लांब, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुतेक चीज-पावच येतो.

स्पर्धा लील ग्राँ पाले या प्रदर्शन केंद्रात असेल. रेम कोल्हास या डच वास्तुरचनाकाराने बांधलेली ही इमारत 1994 ची. बाहेरून ती सुंदर आहे का यावर आमच्या घरात एकमत नाही. लीलला दोन मोठी स्टेशनं आहेत, लील फ्लाँद्र आणि लील यूरोप, आणि ती एकमेकांपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर. फ्लाँद्रपासून ग्राँ पाले पायी पंधरा मिनिटांच्या आत येतं. मेट्रोने जायचं तर लाइन 2 घ्या, फ्लाँद्रनंतर दुसरंच स्टेशन, नाव लील ग्राँ पाले. ही मेट्रो 1983 पासून ड्रायव्हरशिवाय धावतेय. पुढच्या काचेपाशी जागा मिळाली तर बोगदा समोरून अंगावर येताना दिसतो, मोठी माणसंही तिथे पोरांसारखी उभी असतात.

राहण्याची जागा फ्लाँद्र आणि ग्राँ पाले यांच्या मधल्या पट्ट्यात बघा. शहराबाहेरचं स्वस्त हॉटेल घेऊन वाचवलेले पंधरा-वीस युरो शनिवारी सकाळच्या धावपळीत निघून जातात. शुक्रवारी संध्याकाळी स्पर्धेचं चेक-इन ठेवलेलं असलं तर तेव्हाच उरकून टाका, शनिवारी सकाळची रांग टळते.

आखेनहून यायला दोन रस्ते. वेगवान गाडीने ब्रसेल्स मिडी, तिथून युरोस्टार किंवा टीजीव्ही या वेगवान गाडीने लील यूरोप, हा शेवटचा टप्पा जेमतेम 35 मिनिटांचा. आधी तिकीट काढलं तर परवडतं, ऐनवेळी डोळे पांढरे होतात. दुसरा रस्ता बेल्जियमच्या साध्या गाड्यांचा: सीमा ओलांडून लिएज, ब्रसेल्स, गेंट, मग कोर्त्रेकवरून लील फ्लाँद्र. वेळ बराच जास्त, पण या गाड्यांना आरक्षण नसतं. माझं मत: जाताना वेगवान गाडी घ्या, परतीला साधी. रविवारी तुम्ही खेळत असाल की शहर बघत असाल हे शनिवारी रात्रीपर्यंत कळणार नाही, मग रविवार दुपारचं न बदलणारं तिकीट आधीच काढून ठेवण्यात काय अर्थ आहे? फ्लिक्सबसही आहे, ती लील यूरोपजवळ सोडते.

शेंगेन म्हणजे सीमेवर कोणी विचारत नाही, असं धरून निघू नका. फ्रान्सने 2015 पासून सीमेवरची तपासणी पुन्हा चालू ठेवलीय आणि बसमध्ये पोलीस हमखास चढतात. पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड दोन्ही मूळ जवळ हवीत, मोबाइलमधला फोटो कामाचा नाही. कार्डाचं नूतनीकरण चालू असेल आणि हातात नुसता तात्पुरता कागद असेल, तर त्याच्या भरवशावर दुसऱ्या देशात जाऊ नका. आधी तुमच्या परदेशी नागरिक कार्यालयात विचारा.

फ्रेंच येत नाही याची धास्ती नको. लीलला इंग्लंड, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी सगळं जवळ, त्यामुळे हॉलमध्ये इंग्रजी भरपूर चालतं. अडचण येते ती पत्त्यांवर. समोरचा फ्रेंच कार्डं टाकतो, चारिझार्डच्या चित्राखाली 'द्राकोफ' लिहिलेलं असतं आणि ड्रॅगापल्टच्या खाली 'लांसोरिआं'. चित्र ओळखता येतं, पण हल्ल्याचा मजकूर तोंडपाठ नसेल तर अंदाजाने खेळू नका, जजला विचारा. हॉलबाहेर मात्र एक पाळाच: दुकानात, हॉटेलात, बसमध्ये, काहीही विचारण्याआधी 'बाँझूर'. थेट इंग्रजीत सुरुवात केलीत की समोरचा चेहरा जो आखडतो तो पुन्हा सैल होत नाही.

शाकाहारासाठी लील सोपं गाव नाही, हे आधीच सांगते. इथल्या 'एस्तामिने' नावाच्या जुन्या धाटणीच्या खानावळींत कार्बोनाद म्हणजे बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस, आणि पोत्यव्लेश म्हणजे जेलीत गोठवलेले मांसाचे तुकडे. 'वेल्श' हा पावावर बिअरमध्ये वितळवलेल्या चेडरचा प्रकार दिसतो शाकाहारी, पण चीजखाली हॅमचा तुकडा असतो. 'साँ जाँबों' म्हणजे हॅम नको, असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी काढून देतात. आणि फ्रेंच फ्राइज! उत्तर फ्रान्समध्ये आणि आमच्या बेल्जियममध्ये ते पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण गाडीवर विचारल्याशिवाय खाऊ नका. मी स्वतः सगळं खाते, पण सासूबाई आल्या होत्या तेव्हा हे दुकानोदुकानी विचारत फिरावं लागलं. गोड खायचं तर एस्केर्मवाज रस्त्यावर मेर नावाचं जुनं दुकान आहे, तिथली व्हॅनिला भरलेली पातळ गोफ्र (वॅफल) घ्या. किंमत बघून एकदा दचकायला होतं, तरी घ्या.

एक लक्षात ठेवा, दुपारी दोननंतर खानावळींची स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट सातला उघडतात. रविवारी संध्याकाळी तर निम्मं गाव कुलूपबंद असतं.

शनिवारी गुण पुरले नाहीत तर रविवारी पुन्हा हॉलमध्ये जाऊन विक्रेत्यांच्या टेबलांभोवती पैसे घालवू नका. (कार्डं घ्यायचीच असतील तर कार्डमार्केट या कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या साइटवरचा भाव मोबाइलवर उघडा ठेवून घासाघीस करा. आणि अल्बम असलेली बॅग खुर्चीमागे टांगू नका, पट्टा पायात अडकवून बसा.) सकाळी लाइन 1 ने गांबेता स्टेशनला उतरून वाझेमचा बाजार बघा. रविवारी तो सगळ्यात जोरात असतो, एकीकडे भाजी आणि मोरोक्कन ऑलिव्ह, दुसरीकडे जुने कोट. शाकाहारी पोट भरायलाही तीच जागा बरी. दुपारी ग्राँ-प्लास या मुख्य चौकातल्या व्हिएय बूर्स या जुन्या बाजारपेठेच्या इमारतीत शिरा. 1653 च्या सुमाराची ही इमारत म्हणजे मधल्या चौकाभोवती बांधलेली एकसारखी 24 घरं. चौकात जुनी पुस्तकं विकणारे बसतात आणि कमानींखाली बुद्धिबळाचे पट मांडलेले असतात. आदल्या दिवशी हरलेले पोकेमॉनवाले तिथे मान खाली घालून दुसऱ्यांचे डाव बघताना हमखास दिसतात.

गड-किल्ल्यांची आवड असेल तर सिताडेलकडे चालत जा. चौदाव्या लुईने 1667 मध्ये लील जिंकलं आणि आपला लष्करी अभियंता वोबाँ याच्याकडून हा पाच टोकांचा किल्ला बांधून घेतला. काम उरकलं 1670 मध्ये, म्हणजे इकडे तानाजी सिंहगडावर चढले त्याच साली. डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवर नुसते खंदक आणि तिरक्या भिंती. तोफेच्या गोळ्याला समोरासमोर भिंत द्यायचीच नाही, अशी सगळी रचना. आत अजूनही लष्कर आहे, त्यामुळे मार्गदर्शकाबरोबर ठरलेल्या फेरीतच जाता येतं, पण बाहेरच्या बागेतून तटाचा आकार चांगला कळतो.

राहिला भाऊ. स्पर्धा फ्रान्समध्ये म्हणून व्हिसाही फ्रान्सचाच, असा बऱ्याच जणांचा समज असतो. शेंगेन व्हिसासाठी अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे मुक्काम सर्वांत जास्त. तो तुमच्याकडे आखेनला दोन आठवडे राहणार आणि लीलला दोन रात्री, तर अर्ज जर्मनीकडे. मोठ्यांना फी 90 युरो, प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आधी स्पर्धेतली त्याची जागा नक्की करा, मग व्हिसा. नोंदणी आरके-नाइनच्या साइटवर उघडते आणि जागा बघता बघता संपतात, आणि त्यासाठी प्लेयर आयडी (पोकेमॉनचा खेळाडू क्रमांक) त्याच्या स्वतःच्या नावाचा लागतो. जागा नाही मिळाली तर प्रेक्षकाचा पास मिळतोय का बघा, कारण नुसतं बघायला आत यायचं तरी पास लागतो. आणि तो अठरा वर्षांच्या आतला असेल तर आई-वडिलांचं संमतिपत्र व्हिसाच्या कागदांत आणि प्रवासात, दोन्हीकडे लागेल, ते पुण्यातूनच नोटरी करून आणायला सांगा.